कोस्टसॅट: वादळानं पुळण किती खाल्ली हे उपग्रहातून मोजताना

वादळ ओसरलं की पहिला प्रश्न असतो, किनारा किती आत आला? याचं उत्तर द्यायला वादळाआधीचं मोजमाप हाताशी लागतं, आणि जगातल्या बहुतेक वाळूच्या पुळणींवर तसं मोजमाप कुणी कधी केलेलंच नसतं. कोस्टसॅटचं खरं मोल इथे आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेत किलियन वॉस आणि सहकाऱ्यांनी हे साधन तयार केलं आणि २०१९ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पायथन या संगणकभाषेतलं हे मुक्तस्रोत साधन फुकट मिळतं. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या प्रतिमांमधून ते किनारारेषा काढून देतं, तीही थेट १९८४ पासूनची. ज्या पुळणीवर कुणी कधी पट्टी लावली नाही, तिचाही चाळीस वर्षांचा इतिहास एका संध्याकाळी समोर येतो.

निकाल आधीच सांगतो. वादळांचा किनाऱ्यावरचा परिणाम अभ्यासायचा असेल तर हे साधन घ्याच. मात्र वादळाआधीची एक प्रतिमा आणि नंतरची एक प्रतिमा घेऊन त्यांची वजाबाकी करायची असेल, तर थांबा. कोस्टसॅट त्या कामासाठी नाही, तरी लोक सर्रास तेच करतात आणि चुकीचे आकडे अहवालात जातात.

आधी ते काम कसं करतं ते पाहू. तुम्ही पुळणीभोवती एक चौकोन आखून देता. तो फार मोठा नको, १०० चौरस किलोमीटरच्या आत ठेवा. उपग्रहप्रतिमांचा ऑनलाइन साठा असलेल्या गूगल अर्थ इंजिनमधून तेवढ्याच भागाच्या प्रतिमा उतरवल्या जातात. प्रत्येक पिक्सेल वाळू, पाणी, लाटांचा पांढरा फेस किंवा इतर जमीन यांपैकी एका गटात टाकला जातो, आणि हे वर्गीकरण न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेली संगणकीय यंत्रणा करते. मग हिरवा प्रकाश आणि लघुतरंग अवरक्त प्रकाश यांच्या गुणोत्तरातून पाणी आणि वाळू यांच्यातला उंबरठा ओत्सूच्या पद्धतीनं, म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांचे दोन गट सर्वांत स्पष्ट वेगळे होतील तिथे, ठरतो, आणि त्या उंबरठ्याची समोच्चरेषा पिक्सेलच्या आतून कापत काढली जाते. म्हणूनच लँडसॅटचा पिक्सेल मुळात ३० मीटरचा असूनही रेषा त्याहून बरीच नेमकी येते. २०१९ च्या निबंधात प्रत्यक्ष मोजमापांचा दीर्घ साठा असलेल्या पाच पुळणींवर ही रेषा तपासली होती: ऑस्ट्रेलियातल्या नॅरबीन आणि मोरुया, न्यूझीलंडची टायरुआ, अमेरिकेतली डक आणि फ्रान्सची ट्रुक व्हेर. तिथे चूक ७.३ ते १२.७ मीटर निघाली. डोक्यात ठेवायला सोपा आकडा १० मीटर. यापुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

बसवण्याबद्दल थोडक्यात. पायथनची पॅकेजं सांभाळणाऱ्या कोंडाचं स्वतंत्र वातावरण तयार करून त्यातच सगळं बसवा. जीडॅल आणि जिओपांडाज या नकाशाविषयक पॅकेजांच्या आवृत्त्या जुन्या वातावरणात घुसवल्या की हमखास भांडतात. अर्थ इंजिनसाठी गूगल क्लाउडमध्ये एक प्रकल्प नोंदवावा लागतो, बिगर-व्यावसायिक वापर फुकट आहे. सोबत येणारी नमुना नोटबुक क्रमाने चालवत गेलात की पहिली रेषा दिसायला फार वेळ लागत नाही. लिखाण स्वच्छ आहे, चुकांचे संदेश समजतात. विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या अनेक साधनांना हे जमत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आता वादळाकडे. कोस्टसॅटच्या नमुना सेटिंग शांत काळातली किनाऱ्याच्या जागांची लांबलचक मालिका स्वच्छ मिळावी अशा बेतानं ठेवलेल्या आहेत. वादळाची खूण त्याच चाळणीत अडकून फेकली जाते. चार ठिकाणी हे घडतं, आणि चारही बदलता येतात.

सर्वांत घातक आहे शेवटची सफाई, म्हणजे विसंगत बिंदू काढून टाकणारी पायरी. मालिकेतला एखादा बिंदू, म्हणजे एका तारखेची किनाऱ्याची जागा, आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा ठराविक अंतराहून जास्त वेगळा असेल, तर तो उडवला जातो. नमुन्यात ही मर्यादा ४० मीटर आहे. वादळात पुळण ४५ मीटर आत गेली आणि पुढची स्वच्छ प्रतिमा मिळेपर्यंत अर्धीअधिक भरून आली, तर वादळाचा तो एकमेव बिंदू पहिल्या शेजाऱ्यापेक्षा वेगळा, दुसऱ्यापेक्षाही बराच वेगळा. मर्यादा कडक करून २० मीटरवर आणलेली असेल तर तो गेलाच. ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला तीच कचरा म्हणून बाहेर पडते, आणि आलेख मात्र सुंदर गुळगुळीत दिसतो. वादळाच्या कामासाठी ही पायरी बंद ठेवा, किंवा चालवण्याआधीची आणि नंतरची मालिका एकावर एक काढून कोणते बिंदू गळाले ते तारखेनिशी पाहा. गळालेल्या प्रत्येक तारखेची प्रतिमा डोळ्यांनी तपासा. ढगाची सावली असेल तर जाऊ द्या, खरी धूप असेल तर बिंदू परत घ्या.

दुसरं ठिकाण आहे संदर्भरेषेपासूनचं अंतर. सुरुवातीला तुम्ही हातानं एक संदर्भरेषा आखता आणि तिच्या दोन्ही बाजूंना ठराविक पट्ट्यातच किनारा शोधला जातो. पट्टा १०० मीटरचा असेल आणि वादळानं वाळूचा दांडा फोडून नवं मुख उघडलं असेल, तर सर्वांत मोठा बदल पट्ट्याबाहेर राहतो. खाडीच्या मुखाजवळच्या पुळणींसाठी पट्टा रुंद करा. तो सरसकट मात्र रुंद करू नका, कारण मागच्या खाजणाचं पाणी किंवा मोठ्या इमारतींच्या सावल्या मग किनारा म्हणून येऊ लागतात.

तिसरं म्हणजे वाळूचं किमान क्षेत्रफळ. वादळानंतर पुळण अरुंद आणि तुटक होते. १५ मीटर रुंद आणि ६० मीटर लांब उरलेला तुकडा ९०० चौरस मीटरचा. मर्यादा १,००० ची असेल तर ही वाळू साधनाच्या लेखी वाळूच नाही. नेमक्या सर्वाधिक धूप झालेल्या भागात रेषा गायब होते आणि सरासरी विनाकारण चांगली दिसते. चौथं ढगांचं. ढगांचं प्रमाण आणि ढगांपासून राखायचं अंतर या दोन्ही मर्यादा वादळानंतरच्या तीन-चार आठवड्यांपुरत्या सैल करा. ढगांनी निम्मी प्रतिमा झाकली तरी तुमचा दोन किलोमीटरचा पट्टा मोकळा असू शकतो. त्या काळातली प्रत्येक रेषा स्वतः स्वीकारायची किंवा नाकारायची सोय साधनात आहे, ती वापरा. आवृत्तीनुसार हे आकडे थोडे बदलतात, म्हणून आपल्या नोटबुकातली सेटिंग वाचूनच पुढे जा.

मुळात प्रतिमा मिळतात किती? लँडसॅट ८ आणि ९ मिळून दर ८ दिवसांनी, सेंटिनेल-२ ची जोडी दर ५ दिवसांनी. कागदावर हे भरपूर वाटतं. पण वादळ ढगांसकट येतं, आणि पहिली स्वच्छ प्रतिमा एक ते तीन आठवड्यांनी हाती लागते. तोवर पाण्याजवळची वाळू परतायला सुरुवात झालेली असते, कारण पाण्याखालच्या उथळ दांड्यावर गेलेली वाळू शांत लाटा लगेच परत ढकलू लागतात. म्हणून कोस्टसॅटनं दिसलेली माघार ही बहुधा कमीत कमी माघार असते. अहवालात आकड्याशेजारी ‘वादळाच्या शिखरानंतर इतक्या दिवसांनी’ हे लिहिलंच पाहिजे. ते नसेल तर दोन वादळांची तुलना निरर्थक ठरते.

जुन्या वादळांसाठी आणखी एक पथ्य. लँडसॅट ७ च्या क्रमवीक्षणातली दुरुस्ती यंत्रणा ३१ मे २००३ रोजी बंद पडली, तेव्हापासून त्याच्या प्रतिमांत तिरके काळे पट्टे आहेत. प्रतिमेच्या मध्यभागी पुळण असेल तर फारसं बिघडत नाही, कडेला असेल तर रेषा तुकड्यातुकड्यांत येते. २०१३ पूर्वीच्या वादळासाठी प्रतिमा मोजक्याच असतात, तिथे अपेक्षा बेताची ठेवा.

भरतीची दुरुस्ती या साधनाचं सर्वांत नाजूक अंग आहे, आणि वादळात ते सर्वांत आधी दगा देतं. उपग्रहाला दिसते ती त्या क्षणाची पाण्याची कड. ती एका ठराविक पातळीवर आणायला साधन सोपं सूत्र वापरतं: त्या क्षणाची भरतीची पातळी आणि संदर्भपातळी यांतला फरक भागिले पुळणीचा उतार. उतार ०.१ असेल तर एक मीटर पाण्याचा फरक १० मीटर सरकवतो. उतार ०.०२ असेल तर तोच एक मीटर ५० मीटर सरकवतो. त्यामुळे सपाट पुळण आणि मोठी भरती असलेल्या किनाऱ्यांवर हे साधन जपूनच वापरावं.

सूत्रात उतार एकच, कायमचा धरलेला असतो. वादळ मात्र पुळणीचा उतार बदलतं. वरची वाळू ओढून खाली पसरवतं आणि पुळण सपाट होते. समजा नेहमीचा उतार ०.०८ आहे आणि प्रतिमेच्या वेळी पाणी संदर्भपातळीपेक्षा ०.८ मीटर वर आहे. साधन १० मीटरची दुरुस्ती करील. वादळानंतर उतार ०.०४ झाला असेल तर खरी दुरुस्ती २० मीटर हवी. म्हणजे काहीही न झिजता १० मीटरची खोटी धूप तुमच्या तक्त्यात आली. पाणी संदर्भपातळीखाली असेल तर उलट होतं आणि खरी धूप लपते. उपाय साधा आहे. वादळाच्या आसपासच्या प्रतिमा निवडताना भरती संदर्भपातळीच्या जवळ असलेल्याच घ्या, शक्यतो ०.२ ते ०.३ मीटरच्या आत. दुरुस्तीच लहान असली की उताराची चूकही लहान राहते. उतार माहीत नसेल तर कोस्टसॅटचंच भावंड असलेलं उताराचं साधन दीर्घ मालिकेतून तो काढून देतं, पण तो सरासरी उतार असतो, वादळानंतरचा नव्हे.

दुसरी उणीव भरतीच्या आकड्यातच आहे. बहुतेक जण एफईएस २०२२ सारखं जागतिक भरतीचं प्रतिमान जोडतात, आणि शांत काळात ते उत्तम चालतं. पण ते चंद्रसूर्यामुळे येणारी भरती सांगतं. वाऱ्यानं किनाऱ्याकडे लोटलेलं आणि कमी दाबानं उचललेलं पाणी त्यात नसतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो, म्हणजे ३० हेक्टोपास्कलची घट सुमारे ३० सेंटिमीटर पाणी आणते, त्यात वाऱ्याचा भाग वेगळा. जवळ भरतीमापक असेल तर वादळाच्या आठवड्यांसाठी त्याचीच नोंद वापरा. कोस्टसॅटच्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भरतीची कोष्टकं बहुधा स्थानिक वेळेत. ही गल्लत इतकी नेहमीची आहे की भरतीची दुरुस्ती करून मालिका जास्तच खडबडीत झाली, तर आधी वेळ तपासावी.

तिसरी गोष्ट लाटांची. लाटा फुटताना किनाऱ्याशी पाण्याचा फुगवटा साचतो आणि पाण्याची कड आत सरकते. कोस्टसॅट ही दुरुस्ती करत नाही. २००६ मध्ये हिलरी स्टॉकडन आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या सूत्रानुसार हा फुगवटा ०.३५ गुणिले उतार गुणिले लाटेची उंची आणि खोल पाण्यातली तरंगलांबी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. तो आडव्या अंतरात बदलताना उतारानं भागायचं, म्हणजे उतार कटतो. मग हिशेब हातानंच होतो. तरंगलांबी काढायला आवर्तकाळाच्या, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांच्या, वर्गाला १.५६ नं गुणायचं. १ मीटर उंचीची आणि ८ सेकंदांची लाट असेल तर कड सुमारे ३.५ मीटर आत. २ मीटर आणि १२ सेकंदांची मागे रेंगाळणारी लाट असेल तर ७.४ मीटर. ५ मीटर आणि १२ सेकंद असतील तर ११.७ मीटर. म्हणजे वादळाआधीची प्रतिमा शांत समुद्राची आणि नंतरची मोठ्या लाटांची असेल, तर चार ते आठ मीटर धूप फक्त पाण्यानं दाखवली, वाळूनं नव्हे. पुढच्या आवृत्तीत या दुरुस्तीची सोय व्हावी अशी मनापासून इच्छा आहे. तोवर लाटांची नोंद मिळवून हा हिशेब वेगळ्या रकान्यात करा.

आता चूक किती धरायची याचं गणित. एका रेषेची चूक १० मीटर धरली, तर दोन रेषांच्या वजाबाकीची चूक सुमारे १४ मीटर होते. ठामपणे बदल झाला असं म्हणायला त्याच्या दुप्पट, म्हणजे २८ मीटर माघार दिसायला हवी. बहुतेक वादळं एवढी माघार घडवत नाहीत. पण वादळाआधीच्या पाच आणि नंतरच्या पाच प्रतिमांची सरासरी घेतली, तर प्रत्येक बाजूची चूक ४.५ मीटरवर येते, वजाबाकीची ६.३ वर, आणि ठाम बोलण्याची मर्यादा १३ मीटरच्या आसपास. साधनाची ताकद प्रतिमांच्या संख्येत आहे. नंतरच्या पाच प्रतिमा दोन महिन्यांत पसरल्या असतील तर तेवढ्यात पुळण भरूही लागते, हे मान्य करून आकडा वाचावा लागतो.

इथे एक फसवी पळवाट लोक काढतात. एकाच प्रतिमेवर छेदरेषा, म्हणजे किनाऱ्याला आडव्या आखलेल्या मोजणीच्या रेषा, वाढवायच्या, पन्नास छेदरेषांची सरासरी घ्यायची आणि चूक कमी झाली असं म्हणायचं. प्रत्येक छेदरेषेवरचा स्वतंत्र गोंगाट त्यानं खरंच कमी होतो. पण आख्खी प्रतिमाच सरकून बसलेली असेल तर सगळ्या छेदरेषा एकाच दिशेनं चुकतात, आणि भरती व फुगवटा यांचंही तसंच. लँडसॅटच्या सर्वोत्तम श्रेणीतल्या प्रतिमांनासुद्धा जमिनीवरच्या स्थानात १२ मीटरपर्यंतची चूक चालते. यावर एक छान तपासणी आहे. चौकटीत कुठे उभा खडक, बंधारा किंवा धक्क्याची भिंत असेल तर तिच्यावर पाच-सहा जादा छेदरेषा आखा. तिथली पाण्याची कड जागची हलत नाही. त्या छेदरेषांवर दिसणारा बदल ही त्या प्रतिमेची घसरण, आणि ती दिशा बघून बाकीच्यांतून वजा करता येते. वाळू नसल्यामुळे तिथे रेषा तुटत असेल तर भिंतीची कड मूळ प्रतिमेत डोळ्यांनी जुळवून पाहा.

आणि मग ती मर्यादा, जी कुठल्याही सेटिंगनं जात नाही. पाण्याची कड म्हणजे पुळण नव्हे. मोठ्या वादळात लाटा वाळूच्या टेकडीचा पायथा कापतात आणि ती वाळू खालच्या पुळणीवर येऊन पडते. अशा वेळी टेकडी दहा मीटर मागे गेलेली असते आणि सरासरी समुद्रपातळीची कड मात्र जागेवरच, कधी तर पुढे सरकलेली. कोस्टसॅटच्या आलेखात ते वादळ घडलेलंच दिसत नाही. ज्याचं घर टेकडीमागे आहे त्याच्यासाठी हा आलेख धोकादायक आहे. २००० मध्ये ॲबी सॅलेंजर यांनी वादळाच्या परिणामांच्या चार पायऱ्या मांडल्या: लाटा पुळणीवरच राहणं, टेकडीला धडकणं, माथ्यावरून ओलांडणं आणि सगळं बुडणं. त्यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीसाठी टेकडीचा पायथा आणि माथा मोजलाच पाहिजे, त्यासाठी ड्रोन किंवा जमिनीवरचं मोजमाप लागतं.

मग साधन खरं चमकतं कुठे? वादळानंतरच्या भरून येण्यात. सिडनीला बसलेल्या जून २०१६ च्या वादळाचं उदाहरण घ्या. नॅरबीन-कोलरॉय पुळणीवर १९७६ पासून दर महिन्याला मोजमाप होतं. तिथे लाटा नेहमी आग्नेयेकडून येतात, या वादळात त्या पूर्व-ईशान्येकडून आल्या, म्हणून एरवी भूशिराच्या आडोशाला सुरक्षित असणारं कोलरॉयचं दक्षिण टोक सर्वाधिक झोडपलं गेलं आणि काही ठिकाणी किनारा ५० मीटरपर्यंत मागे हटला. अशा पुळणीचं कोणतं टोक किती महिन्यांत भरलं, कोणतं उपाशी राहिलं, दुसरं वादळ भरण्याआधीच आलं का, हे प्रश्न महिनोन्‌महिन्यांचे आहेत. तिथे दर आठवड्याला मिळणारे १० मीटर चूक असलेले बिंदूसुद्धा अस्सल चित्र काढतात. एकाच किनाऱ्यावरच्या वीस वादळांची तुलना, पुळण फिरण्याची दिशा, दीर्घ घसरण आणि वादळी झटके वेगळे करणं, या कामांत कोस्टसॅटच्या जवळपास येणारं फुकट साधन क्वचित सापडेल.

पर्यायांपैकी प्लॅनेटस्कोप या खासगी उपग्रहांच्या प्रतिमा ३ मीटर पिक्सेलच्या आणि जवळजवळ रोजच्या, वादळानंतर हा मोठा फायदा. पण त्या विकत घ्याव्या लागतात, त्यांत लघुतरंग अवरक्त पट्टा नसतो, आणि स्थान जुळवून घेण्याचं काम वाढतं. कोस्टस्नॅप या उपक्रमात ठराविक चौकटीत फोन ठेवून लोकांनी काढलेल्या छायाचित्रांतून कड मोजतात. एका पुळणीपुरतं आणि ढगांखाली हे सरस आहे, पण चौकट वादळाआधी बसवलेली हवी. डीएसएएस हे किनारारेषांच्या विश्लेषणाचं साधन रेषा काढत नाही, काढलेल्या रेषांवरून बदलाचा दर सांगतं. वादळानंतरची एकच रेषा शेवटचं टोक म्हणून त्यात घातली की दर फुगतो, तेव्हा रेषा निवडताना सांभाळा.

कोस्टसॅटसोबत जमिनीवरचं एकच मोजमाप करता आलं तर उताराचं करा, कारण सगळ्यांत जास्त चूक तिथून येते. के. ओ. एमरी यांची १९६१ ची दोन काठ्यांची पद्धत पुरेशी आहे. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्या, दीड मीटरच्या बऱ्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा, आणि मध्ये दोन मीटरची दोरी बांधा. दोरी ताणून आडवी धरा. जमिनीकडच्या काठीपाशी उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा, आणि तुमची नजर जवळच्या काठीवर ज्या खुणेवर येते तो आकडा वाचा. माथ्यापासून ती खूण जितकी खाली, तितका त्या दोन मीटरांत उतार. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी रोवा आणि असंच पुढे जा. भरतीच्या खुणेपासून ओहोटीच्या कडेपर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज भागिले एकूण आडवं अंतर, हा तुमचा उतार. मोजमाप उधाणाच्या ओहोटीला करा, म्हणजे पुळणीचा जास्तीत जास्त भाग उघडा मिळतो. वादळानंतर शक्य तितक्या लवकर एकदा आणि महिन्याभरानं पुन्हा मोजा, किमान तीन छेदरेषांवर, आणि दोन्ही उतार आपापल्या काळातल्या प्रतिमांना स्वतंत्र लावा. साधन छेदरेषेगणिक वेगळा उतार घेतं, तारखेगणिक घेत नाही, म्हणून मालिकेचे दोन तुकडे करून दुरुस्ती दोनदा चालवावी लागते.